पाला कोणी पेटवला

१७ फेब्रुवारी, सोमवार
परत धूर! सात वाजता खिडकी उघडली, तर मागच्या पार्कात पाल्याचा ढीग पेटलेला. ओजूला लगेच ढास लागली. दम्याचा पंप दोनदा दिला तरी छाती वाजतच होती. नऊ वर्षांची पोर – पलंगाची कड धरून बसली. "पापा, स्कूल नहीं जाना."

डोक्यात तिडीकच गेली. पायजम्यावर खाली गेलो. झाडूवाली कमलेश ढिगाशी उभी. तिचा फोटो काढला आणि तक्रारीच्या ॲपवर टाकला. तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

१९ फेब्रुवारी
ॲप म्हणतं – 'प्रक्रियेत'. काय डोंबलाची प्रक्रिया!

२० फेब्रुवारी
आज गेलोच बोलायला. भांडायलाच, खरं तर. ती शांतपणे आपल्या पंजाबी-हिंदीत म्हणाली, "साहबजी, आठ बजे तक पार्क साफ चाहिए, नहीं तो हाजरी कटती है. गाड़ी हफ्ते में एक बार आती है. बोरे मिलते नहीं. आप ही बताओ, कित्थे ले जावां?"

आणि मी काय म्हणालो? "लिखकर दीजिए!" बावीस वर्षं लॅबमध्ये यंत्रं तपासून दाखल्यांवर सह्या केल्या, दुसरं येतंय काय मला? ती हसली. "मैनूं लिखना कित्थे आंदा है जी."

घरी आलो तो मान खाली घालून.

२३ फेब्रुवारी, रविवार
किराणावाल्याकडून तांदळाची सहा रिकामी पोती आणली. पार्काच्या कोपऱ्यात खतासाठी खड्डा खणला – म्हणजे कमलेशने खणला, मी कंबर धरून उभा. पाला, थोडी माती, पाणी, परत पाला.

वरच्या मजल्यावरचे नंदकुमार बाल्कनीतून बघत होते. मूळचे पुण्याचे, गप्प कसे बसतील! "अहो विनायकराव, दिवाळीच्या सुमाराला इकडे शेतंच्या शेतं पेटतात. तिकडे अमेरिका, चीन. आणि तुम्ही सहा पोत्यांत पृथ्वी वाचवणार होय?"

मी पुढचं पोतं उघडलं.  बायको, चित्रा, मात्र न सांगता तीन कप चहा घेऊन खाली आली.

२६ फेब्रुवारी
तीन दिवस धूर नाही! ओजू काल पंपाशिवाय झोपली. सकाळी कमलेशने कुठूनशी आणखी तीन पोती आणली आणि खालून ओरडली, "साहबजी, नौ बोरे हो गए!" किती दिवसांनी मोठ्याने हसलो.

लॅबला जाताना एकाच रस्त्यावर तीन ढीग जळताना दिसले. हसू कुठल्या कुठे गेलं. सगळ्या सेक्टरांचा पाला मी कुठे कुठे भरत फिरू? आणि ओजूने श्वास घ्यायचा तो काय फक्त आमच्याच पार्कात?

१ मार्च, शनिवार
दोन दिवस कमलेश दिसली नाही. आज एक नवाच माणूस होता. त्याने खड्ड्याच्या काठालाच ढीग लावून पेटवला! कमलेश कुठे, विचारलं. "उसको तो निकाल दिया जी. किसी ने फोटो डाल दी थी."

ॲप उघडलं. 'तक्रार निकाली. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले.' खाली पाच तारे – आपण समाधानी आहात का?

तक्रार मागे घ्यायची राहिलीच! खड्डा खणला, चहा प्यायलो, पोती मोजली – आणि ती तक्रार तशीच. मला वाटलं, पडून राहील. आपल्याकडे सगळंच पडून राहतं ना! मीच घालवली तिची नोकरी. मीच.

३ मार्च
ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. तक्रार मागे घेतो म्हटलं. "सर, ऐसे नहीं होता. फोटो में आग है. इसने नहीं लगाई, तो किसने लगाई? नाम लिखकर दो, मैं फाइल बंद करता हूँ."

परत – लिखकर दो!

४ मार्च
सुट्टी टाकली. नव्या माणसाने पत्ता दिला होता. शहराबाहेर मुल्लानपूरला एका टॉवरच्या बांधकामावर कमलेश सापडली. डोक्यावर विटा, तोंडावर ओढणी, चहूकडे सिमेंटची धूळ. आमच्या पार्कातला धूर परवडला.

फोटो मी काढला होता, हे सांगून टाकलं. शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डोक्यावरच्या विटा उतरवल्या. मग खोकत म्हणाली, "बेटी ठीक है?"

"ठीक है," म्हणालो. परत फिरलो.

५ मार्च
लिहून दिलं. 'सतरा तारखेला पाला मी पेटवला. फोटोतली बाई तो विझवत होती.' खाली सही, पत्ता, तारीख. बावीस वर्षांत चुकीच्या आकड्यावर एकदाही सही केली नव्हती मी. 

चित्राने वाचलं. "ऑफिसात कळलं तर?" म्हणाली. मग कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

१० मार्च, सोमवार
कमलेश कामावर आली. दंडाचा कागदही आला – दाराशी ओजूच होती, तिनेच उघडून वाचला. "पापा, आग आपने लगाई थी?" खरं सांगावं, तर ही सगळ्या पार्कात बोलणार आणि कमलेश परत विटा उचलायला जाणार. "हो," म्हणालो. रात्री तिने पंप माझ्याकडे नाही, चित्राकडे मागितला.