औलीचा फोटो

११ जानेवारी, रविवार. पहाटे गच्चीवर ७.४ अंश. आणि आत्ता संध्याकाळी माझं डोकं उकळतंय.

देवळाली कॅम्पहून यांचे मित्र आले होते, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. यांनी मोबाइलवर औलीचा फोटो दाखवला. लाल जॅकेट, तोंडावर गॉगल, पायाला स्की. म्हणाले, "हा मी!"

हा मी? त्या दिवशी हे ताप घेऊन हॉटेलात रजईखाली पडले होते! लाल जॅकेट यांचं, एवढंच खरं. माझं जॅकेट पातळ होतं म्हणून मी ते घालून गेले. सात वेळा आपटले आणि आठव्यांदा अख्खा उतार न पडता उतरले. तिथले उणे सहा अंशही माझ्या वहीत आहेत. रोजचं तापमान लिहिते म्हणून ज्या वहीला हे हसतात, त्याच वहीत.

साहेबांनी सहज विचारलं, "वळताना वजन कुठल्या पायावर टाकायचात?"

"आतल्या. स्कूटरसारखं झुकायचं."

मला राहवेना. चहाचा ट्रे ठेवत मी म्हणाले, "बाहेरच्या पायावर. आत झुकलं की माणूस आपटतो."

साहेब चमकले. "वहिनी, तुम्ही केलंय स्कीइंग?"

आणि मी मूर्ख काय बोलले? "छे हो, टीव्हीवर बघितलं."

का? कोणी गळा धरला होता माझा? यांनी लाल जॅकेटातला नुसता फोटो लाटला. तो अख्खा उतार मी स्वतःच्या हाताने देऊन टाकला.