रविनाचं पुडकं

धडगाव
१४ मे २०२५

आदरणीय गिरधर सर,

नमस्कार. काकूंनाही सांगा. विसरवाडीच्या घरासमोरून रात्रभर ट्रक जातात, झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. आता सवय झाली असेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. तुमची तिन्ही कार्डं मिळाली. एकालाही उत्तर दिलं नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण तुम्ही एकतीस वर्षं याच खुर्चीवर बसलात, तुम्हाला काय थापा मारायच्या?

वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक म्हणून माझं पहिलं वर्ष संपलं. परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिका तपासून गेल्या. बाहेरून आलेले परीक्षक प्रात्यक्षिकांवर खूश होते. एप्रिलच्या सुरुवातीला तपासणी समिती आली, तिने 'प्रयोगशाळा अत्यंत स्वच्छ' असा शेरा दिला. प्राचार्यांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तुम्ही मागच्या अंगणात लावलेला बेहडा जगलाय.

सुट्टीचं म्हणाल तर बेत पुष्कळ होते. पुण्याला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, नावही लागलं होतं. आई तापीकाठच्या घरी बोलावतेय. कुरडयांना हात हवेत, आणि भाऊ ललितच्या केळीची कापणी चालू आहे. तुमच्या कपाटातल्या वाळवलेल्या झाडपाल्याची यादीसुद्धा करायची होती. यातलं काहीच करत नाहीये. कपाट तर उघडवतच नाही.

तुमच्या तिन्ही कार्डांत शेवटची ओळ एकच आहे. 'रविनाचं कसं चाललंय?'

सर, रविना परीक्षेला बसली नाही. हजेरी कमी पडली, विद्यापीठाचा नियम आहे. हे मी सगळ्यांना सांगितलंय, तिलाही सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

दिवाळीनंतर ती आईवडलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली. दरवर्षी अर्धा वर्ग जातो, मला ठाऊक होतं. तुमची पद्धतही ठाऊक होती. मुलं ट्रकमध्ये चढायच्या आधी तुम्ही त्यांच्या हाती जुनी वर्तमानपत्रं द्यायचात. फडाच्या बांधावर जे उगवेल ते दाबून, वाळवून, नावानिशी आणायचं, आणि त्यावर प्रात्यक्षिकाची हजेरी लागायची. जाताना तुम्ही हे मला दोनदा समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

खरं सांगते, वर्षभर 'सर असं करायचे, सर तसं करायचे' ऐकून माझे कान किटले होते. सात वर्षं तासिका तत्त्वावर घासल्यावर ही नोकरी मिळाली. स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणालं होतं, गिरधर सरांच्या खात्यात सगळं खपायचं. मला दाखवून द्यायचं होतं, की आता खपत नाही.

होळीला सगळे परततात, तशी तीही परतली. चार दिवसांनी प्रयोगशाळेत आली. हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे, आणि दोरीने बांधलेलं गुजराती वर्तमानपत्रांचं जाड पुडकं. म्हणाली, "मॅडम, अठ्ठेचाळीस नमुने आहेत. झोपडीत अंथरुणाखाली दाबले, रोज कागद बदलले. दोन ओळखता नाही आले. तुम्हाला विचारायचं होतं." मी हजेरीपत्रक भरत होते. वरही न बघता म्हणाले, टेबलाखाली ठेव, बघू.

मी ते बघितलं नाही.

हजेरीची यादी तयार झाली तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं होतं, "विभागाची शिफारस असेल तर या मुलीला बसवू. तुम्ही लिहून द्या." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, 'शिफारस नाही', आणि खाली सही केली. नियम विद्यापीठाचा होता सर, पण हात माझा होता. सूचनाफलकावर रविनाने यादी पाहिली, माझ्याकडे येऊन खात्री करून घेतली आणि गेली. वाद घातला नाही, रडली नाही. तेव्हा मला वाटलं, पोरीला फारसं वाटलेलं दिसत नाही.

पाच मेला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, रविनाचं लग्न ठरलंय. मी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म घेतला आणि तिच्या पाड्यावर गेले. जीपच्या मागच्या पायरीवर उभी राहून घाट चढले आणि पुढे पाऊण तास चालले. पोचले तेव्हा अंगणात मांडव घातलेला होता आणि तिला हळद लागत होती.

तिचे वडील, जामसिंगभाऊ, यांनी खाट टाकली, पाणी दिलं. फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "मी पोरीला बोललो होतो मॅडम, यंदा पास झाली तर बी.एड.ला पाठवीन, लोक काय बोलायचं ते बोलू दे. मुलाकडच्यांना दोन वर्षं थांबवलं. मग ती बोलली, नाव नाय यादीत. आता त्यांना काय सांगू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला खरंच विचारत होते, जणू शिकलेल्या बाईला उत्तर ठाऊक असणारच. मी फॉर्म पर्समध्ये परत ठेवला.

रविनाने मला शेजारी बसवून घेतलं. तुमची विचारपूस केली, काकूंचा गुडघा कसा आहे विचारलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, पुडकं पाहिलं का?"

मी म्हणाले, हो, पाहिलं. छान केलंस.

"ते दोन कोणते निघाले?"

काय करू सर? तोंडाला येतील ती दोन नावं ठोकून दिली. लॅटिन, अगदी कुळासकट. तिने दोन्ही पुटपुटून पाहिली. हात हळदीने भरलेले, म्हणून धाकट्या बहिणीला वही आणायला लावली आणि अक्षर न् अक्षर सांगून लिहून घेतली. मग म्हणाली, "सरांच्या कपाटात ठेवाल ना? जूनमध्ये यांना घेऊन येईन दाखवायला. त्यांना खरं वाटत नाही मी एवढी शिकली." मी म्हणाले, ये.

परत आले ती थेट प्रयोगशाळेत शिरले. ठरवलं होतं, निदान आता तरी ती दोन शोधून काढू, चुकीची नावं कशीतरी दुरुस्त करू. टेबलाखाली काही नव्हतं. भिला शिपायाला विचारलं. विभागातला कागद न् कागद त्याला माहीत असतो.

तो म्हणाला, "मॅडम, समिती येवाना आधी तुम्हीनच सांगं व्हतं ना, खाले पडेल जुना पेपर काढी टाक म्हनीसन. रद्दीवालाले दी टाकात मी."

मीच सांगितलं होतं. वनस्पतिशास्त्राची बाई मी. आमच्या धंद्यात जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत काय असतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी वाकून एक घडी उलगडली असती तरी पुरे होतं. रद्दीवाल्याकडे गेले, तर त्याचा माल केव्हाच गेला होता. अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा म्हणतात ती हीच.

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आईला उन्हाचं कारण सांगितलंय. रविना चार महिने पहाटेपासून ऊस तोडायची, आणि संध्याकाळी दमून आल्यावर ओलसर कागद बदलत बसायची. त्यातलं मी एक पानही पाहिलं नाही. तिच्या वहीत मात्र माझ्या तोंडची दोन खोटी नावं आहेत, आणि ती ती पाठ करत असेल.

तुम्ही मला समजावणारं काही लिहू नका. आल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं, ही एकच मुलगी अशी आहे, हिला सांभाळ. मला ते जमलं नाही.

पुण्याला नाही म्हणून कळवलंय. उद्या सकाळच्या जीपने रविनाच्या सासरी जाणार आहे. रस्ता जामसिंगभाऊंनी फोनवर सांगितलाय. शिफारशीचा कागद, पुडकं, ती दोन नावं, सगळं तिच्या तोंडावर सांगणार आहे, तिच्या नवऱ्यासमोर सांगावं लागलं तरी. ऐनवेळी माझा धीर सुटतो, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र आजच टपालात टाकतेय, म्हणजे न सांगता परत आले तर तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही.

तिने माझ्यावर चिडावं, चारचौघांत बोलावं, एवढीच इच्छा आहे. पण ती तसं करायची नाही. पाटावर बसवेल, चहा करेल, आणि घाटात अंधार व्हायच्या आत निघा म्हणेल.

तुम्ही जिच्या भरवशावर निवृत्त झालात ती,
कामिनी