हँडलमधलं तेल

सातपाटी,
१० जुलै २०२५

चि. मेहुलभावजींस, सपनाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन लावला की तुम्ही दोघं भाऊ लगेच एकमेकांवर ओरडता, म्हणून हे पत्र. हिरामावशी सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात येते, तिच्याच हाती देते आहे. कागदाला वास आला तर नाक मुरडू नका, याच वासात वाढलात.

काम असं, की बाबांची मोटारसायकल दारात उभी राहून राहून गंजली. खाऱ्या वाऱ्याने हँडलचं क्रोम पार खाल्लं आहे, हात लावला की तळव्याला तांबडं लागतं. कंपनीत तुम्ही रोज परक्यांच्या नळांना चकाकी देता, एकदा घरच्या वस्तूलाही द्या की!

ह्यांनी आधी तोंड फिरवलं. बाबा गेल्यावर तुम्ही होडी सोडून कंपनीत लागलात, ते अजून त्यांच्या मनातून जात नाही. पण सध्या मासेमारी बंद, हात रिकामे. काल स्वतःच पाने घेऊन बसले आणि हँडल सोडवलं, तेही मावशीबरोबर पाठवते आहे. नारळी पौर्णिमेला ते घेऊन तुम्ही यायचं, दोघांनी मिळून बसवायचं आणि शेजारी शेजारी बसून जेवायचं. मला दुसरं काही नको.

वहिनीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

सपना

---

बोईसर,
१७ जुलै

ती. सौ. वहिनीस, मेहुलचा सा. न. वि. वि.

हँडल पोचलं. दादाने माझ्यासाठी काही पाठवलं, हेच मला पुष्कळ आहे. शेठनेही कामानंतर कंपनीच्या टाकीत ते करायला हो म्हटलं. अट एकच, वस्तू आतबाहेर स्वच्छ करूनच टाकीत सोडायची.

जुनं क्रोम उतरवलं, खड्डे घासले, बफ मारून गुळगुळीत केलं. आता आधी निकेल चढेल, मग क्रोम. दादाने हँडलच्या नळीची दोन्ही टोकं चिंध्यांचे बोळे ठोकून बंद केली आहेत. बरंच केलं, टाकीतलं पाणी आत शिरणार नाही. मी ते काढलेच नाहीत. दादाला सांगा, पौर्णिमेला त्यात तोंड बघून भांग पाडता येईल, केस उरले असतील तर.

नारळीभात माझ्यासाठी राखून ठेवावा, ही विनंती.

आपला
मेहुल

---

बोईसर,
२४ जुलै

ती. वहिनीस, सा. न.

माझी नोकरी गेली.

निकेलची टाकी गरम असते. हँडल आत सोडलं आणि थोड्या वेळाने वर तेलाचा तवंग आला. बोळे सुटले होते. सगळी टाकी नासली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीत टाकलेल्या गिऱ्हाइकाच्या मालाचा मुलामा पापुद्र्यासारखा निघून आला. सुपरवायझर इंद्रजीतने सगळ्यांसमोर विचारलं की आत काय भरलं होतंस. मला विचारायची गरजच नव्हती. मुशीचं तेल! त्या माशाच्या तेलाचा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.

नळीत तेल आपोआप जात नाही, वहिनी. दादाने ते मुद्दाम भरलं आणि वरून बोळे ठोकले. मी होडी सोडली त्याचा सूड असा घेतला. हे पत्र त्याला वाचून दाखवा. मी पौर्णिमेला येणार नाही.

मेहुल

---

सातपाटी,
३ ऑगस्ट

चि. मेहुलभावजींस, आशीर्वाद.

पत्र मला वाचून दाखवावं लागलं नाही. ह्यांनीच ते हातातून घेतलं आणि वाचलं.

तेल ह्यांनीच ओतलं होतं. होडीवरचं कुठलंही लोखंड काढून ठेवलं की त्याला मुशीचं तेल देतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? बाबांनी तुम्हा दोघांना तेच शिकवलं. मला म्हणाले, मेहुलकडे कधी काम होईल नाय सांगता येत, तवर आतून गंज नको धरायला. सूड म्हणे! तुमचं ते वाक्य वाचून मला तुमचा फार राग आला, आणि अजून आहे.

परवा हे मला न सांगता तुमच्या कंपनीत गेले. शेठपुढे उभे राहिले. खरं सांगितलं असतं, तर बोळे न काढण्याची चूक तुमची ठरली असती. म्हणून ह्यांनी शेठला सांगितलं की तेल मी मुद्दाम भरलं, धाकट्याशी माझं वैर हाय, त्याला यातलं काय बी ठाऊक नाय. तुमचंच म्हणणं त्यांनी खरं करून दिलं. इंद्रजीतने अंगावर जाऊन शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. पौर्णिमेनंतरच्या सोमवारपासून तुम्ही कामावर जायचं आहे. शेठने तसं कबूल केलं आहे.

तुमच्या कंपनीत आपल्या गावची चार पोरं आहेत. आता तुम्ही दोघं एका ताटावर बसलेले दिसलात, तर ती गोष्ट सोमवारच्या आत शेठच्या कानावर जाईल. म्हणून ह्यांनी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते: पौर्णिमेला येऊ नको, रस्त्यात दिसलो तरी बोलू नको.

तब्येत सांभाळा.

सपना