शालिग्रामच्या बोअरचं कुलूप

१४ ऑगस्ट
आजपासून लिहिणार. मोठं काम करणाऱ्याची नोंद राहायला पाहिजे. भनपुरीच्या फॅक्टरीतून व्हीआरएस घेतली तेव्हा चेतना म्हणे, आता घरी बसा. बायकोचं ऐकलं असतं तर शंकर नगरच्या संस्थेत फील्ड ऑफिसर झालो असतो का?
काम असं. हवामान बदललं, पाऊस भरवशाचा नाही. म्हणून धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, सारखं पाणी उभं ठेवायचं नाही. भोकं पाडलेला पाइप गाडायचा. पाइपात पाणी वीतभर खाली गेलं की मगच बोअर लावायचा. ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं. मले पहिल्याच दिवशी समजलं, म्हणून दुसऱ्या दिवशी चहा-नाश्त्याची व्यवस्था पाहिली.

१७ ऑगस्ट
गावात मीटिंग. चाळीस बोलावले, अकरा आले. पाइप एकानंच घेतला: शालिग्राम साहू, दीड एकर. समजदार माणूस. काहीही सांगा, ‘हव भैया’ म्हणते. बायको मीरा मात्र प्रश्न विचारून राहिली. कधी लावायचा, कधी नाही, धान मोठं झाल्यावर काय. म्हटलं, दीदी, पाइप को सब मालूम है.

२९ ऑगस्ट
यश! दोन पाळ्यांचं पाणी वाचलं. पाइपाजवळ उभा राहून फोटो काढला, रुचिता मॅडमले पाठवला. मॅडम माही बॉस, वय माह्या पोरीएवढं. तिनं विचारलं, फोटोत शेतकरी कुठं आहे? शालिग्रामच फोटो काढून राहिला होता ना.

७ सप्टेंबर
नऊ दिवस पाऊस नाही. गावात गेलो तर मीरानं पाइप न पाहताच बोअर लावलेला. अशानं देश कसा सुधरणार? गोलबाजारातून कुलूप घेतलं, बोअरच्या स्टार्टरच्या डब्याले लावलं. चावी माह्याजवळ. मले विचारूनच पाणी. शालिग्राम ‘हव भैया’ म्हणाला, पण आज ‘हव’ जरा लांब ओढला.

१३ सप्टेंबर
मीराचा फोन. धान गभोटमध्ये आलं म्हणे, म्हणजे कणीस पोटात आहे. आता पाणी पाहिजेच. पाइपात किती आहे, विचारलं. म्हणे दिसतच नाही. नियमानं बोअर लावायले पाहिजे होता. पण मंगळवारी ऑफिसात प्रेझेंटेशन आहे, वाचलेल्या पाण्याचा आकडा अजून थोडा वाढला तर बरा दिसेल. म्हटलं, चार दिवस रुको.

१५ सप्टेंबर
राहवलं नाही, गावाले गेलो. बांधीत भेगा. माही करंगळी आत गेली. पानांच्या सुरळ्या झाल्या. मीरानं माहा हात धरून धानाच्या उभ्या ताटावर ठेवला. आत काहीतरी फुगलेलं, नरम.
“येमा लइका हे, भैया,” ती छत्तीसगढीत म्हणाली. “येला पियासे राखहू?”
हिच्या पोटात लेकरू आहे, हिले तहानलेली ठेवता का, असं. माहा हात खिशाकडे गेला. पण फील्ड ऑफिसरनं हलून चालत नाही. चावी खिशात होती. तशीच घेऊन आलो. जेवण गेलं नाही. उन्हामुळं असेल.

१७ सप्टेंबर, दुपारी ३
प्रेझेंटेशन जबरदस्त. टाळ्या. फोन सायलेंटवर होता. बाहेर येऊन पाहतो तर एकोणीस मिस्ड कॉल. सोळा मीराचे, तीन चेतनाचे. घरी पळालो.
चेतनानं सांगितलं, मीरा आली होती. दोन बस बदलून, समता कॉलनीत माहं घर विचारत विचारत. बस म्हटलं तर बसली नाही. चावी मागितली. टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून काढून चेतनानं दिली.
मी ओरडलो, “काहून दिली? मले विचारलं का?”
“तिचा बोअर, तिचं धान,” चेतना म्हणाली. “तुमचं काय आहे त्यात?”
रिपोर्टात लिहिलं: परिस्थिती पाहून फील्ड ऑफिसरनं चावी वेळेवर पोचवली.

१८ सप्टेंबर
गावात गेलो. बांधीत पाणी. कुलूप नाही. धान वाचते का, कोणीच सांगत नाही. शालिग्रामनं चहा दिला, ‘हव’ म्हणाला नाही. मीरानं पाहिलंही नाही.
घरी येऊन दुसऱ्या दिवसाच्या ट्रेनिंगचे कागद शोधले. पान बारा: कणीस पोटात असताना आणि फुलोऱ्यात बांधीत पाणी उभंच ठेवा. कोरडं ठेवल्यास दाणा भरत नाही.
छपाई फार बारीक आहे. कोणाच्याही नजरेतून सुटेल.

२ ऑक्टोबर
रोज फोन करतो, मीरा उचलत नाही. शेवटी स्वतः गेलो. कणसं निघाली. उंचावरच्या कोपऱ्यात पाणी उशिरा पोचलं, तिथली पांढरी, दाबली तर रिकामी. बाकीची दाबून पाहिली. वीस-पंचवीस. दूध निघालं, म्हणजे दाणा भरून राहिला. तिथंच बांधावर बसलो. पाय दुखून राहिले होते.

९ नोव्हेंबर
कापणी झाली. तेवढा कोपरा सोडून धान शेजाऱ्यांपेक्षा चांगलं, आणि पाणी गावात सर्वात कमी लागलं. मॅडमले म्हटलं, माहं मॉडेल पास झालं. तिनं विचारलं, कोणतं, कुलुपाचं का? तिले कोणी सांगितलं कोण जाणे.

२१ नोव्हेंबर
गावात मोठी मीटिंग. बावीस लोकांनी उन्हाळी धानासाठी पाइप मागितला. बावीस! मी भाषणाले उठलो. मॅडम म्हणाली, निरंजनजी, दोन मिनिट बसा. मीरा उठली. पाइप कधी पाहायचा, कधी विसरायचा, कापलेलं ताट हातात धरून दाखवलं. सारे ऐकून राहिले. भाषण आवरून ती मॅडमकडे वळली. गावाची एकच अट आहे म्हणे. निरंजन भैयानं यावं, आमची ना नाही, पण शिकवायले नाही.
सगळे हसले. शालिग्रामही.
मॅडमनं तिथंच यादी केली. सोमवारपासून बॅच, दोन्ही दिवस हजेरी सक्तीची. शिकवणार मीरा साहू. माहं नाव तेविसावं.