अकरावी सही

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात मला तुमची सही हवी होती. आमच्या कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये तुमची लायब्ररी, म्हणजे तुम्ही सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड, जोडायचं मीच सुचवलं होतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं काम तुमच्या कोडइतकं नीट अजून कुणाला जमलेलं नाही, असं मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं. तुमची अट मला तोंडपाठ होती, तरी पुढचं पुढे बघू म्हणून गप्प बसले. सहा जणांनी वर्षभर काम केलं आणि मग लीगलच्या मॅडमनी लायसन्स वाचलं. "हे जोडून विकलं तर आपलाही सोर्स कोड ग्राहकांना खुला द्यावा लागेल. ते काही होणार नाही. अट बदलून घ्या," त्या म्हणाल्या. अट बदलायची तर ज्यांनी ज्यांनी ती लायब्ररी लिहिली, त्या प्रत्येकाची संमती लागते. लिहिणारे आम्ही अकरा. मी धरून दहा जणांनी होकार कळवला. अकरावे तुम्ही.

ही अट मी कशी शिकले ते तुम्हाला आठवत असेल. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी तुमची एक अख्खी फाईल उचलली होती. तिच्या डोक्यावर तुमचं नाव आणि लायसन्सच्या वीसेक ओळी होत्या. मला ती अडगळ वाटली, पुसून टाकली. लॅबमध्ये तुम्ही माझ्या स्क्रीनसमोर उभे आहात. "हे कुठून आणलंस?" मी म्हणते, नेटवरून. "नेट हुशार दिसतंय. थेट माझ्यासारखं लिहितं." सगळी लॅब हसते. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. पण संध्याकाळी तुम्ही मला नारायण पेठेत घरी बोलावलंत. काकू स्वयंपाकघरात दही लावत होत्या. तुम्ही त्यांच्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलंत. "शेजारीण विरजण घेऊन गेली, की दही तिचं. कढी करू दे, श्रीखंड करू दे, विकू दे. पण उद्या तिच्या दारात कुणी वाटी घेऊन आलं तर तिनं नाही म्हणायचं नाही. आणि विरजण कुणाकडचं, ते सांगायचं. माझी अट एवढीच." काकू वळूनही न बघता म्हणाल्या, "विरजण मागायला येतंय कोण आता? सगळे डबा विकत आणतात."

तुमच्या माघारी तुमचा हक्क काकूंकडे आला, म्हणून मॅडमनी दिलेला कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. विश्रांतवाडीहून निघताना काय बोलायचं ते मनात घोकलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. काकूंनी चहा ठेवला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कागद पुढे ओढला. दोन पानं, सगळं इंग्रजी. मी समजावून सांगायला लागले तर म्हणाल्या, "अगं, त्यांनी चाळीस वर्षं समजावलं, तेव्हा नाही कळलं. आता तू कशाला दमतेस? एवढंच सांग, ह्यांना चाललं असतं का?"

मी म्हणाले, "चाललं असतं." इतक्या पटकन म्हणाले, की माझी मलाच लाज वाटली. त्यांनी चष्मा लावून सावकाश सही केली आणि निघताना हातावर वडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी कागद बॅगेत होता. मॅडमनी विचारलं, "झालं का काम?" मी म्हणाले, "नाही. सरांच्या मिसेस तयार नाहीत." मॅडमनी खांदे उडवले. "म्हातारी माणसं हट्टी असतात," म्हणाल्या, आणि दुसरी लायब्ररी शोधा म्हणून टीमला मेल गेली. सहा जणांचं वर्ष वाया गेलं. ते अजून काकूंच्या नावानं खडे फोडतात, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. मी भाजी वाढून घेते.

तुमची अट आहे तशीच आहे, सर. ती राहिली याचं मला बरं वाटतं, हे खरं. पण काकू नाही म्हणाल्या नव्हत्या. नाही मला म्हणायचं होतं, आणि ते मी त्यांच्या नावावर खपवलं. हे पत्र टाकावं तर तुमच्या पत्त्यावर ते काकूच उघडतील, आणि त्यांच्यासमोर हे कबूल करण्याची माझी अजून छाती नाही.