बाळूकाकांचं नाक

गुरुवार संध्याकाळ, अहमदी

आज आगाऊपणा नडला. गोरा साहेब रिटायर होऊन मायदेशी चाललाय. त्याला आमच्या वर्कशॉपकडून आपल्या गावच्या शेकडो वर्षं जुन्या चर्चचं जिप्सममधलं मॉडेल हवं होतं. त्या चर्चच्या छपराला दगडी राक्षसांची तोंडं, त्यातून पावसाचं पाणी पडतं. मॉडेलमधल्या एका राक्षसाला मी आमच्या मिस्त्रींचं, बाळूकाकांचं नाक लावलं. ज्यांनी मला कुवेतला आणलं, त्यांचंच.

सगळे हसले. साहेब तर खूश. म्हणाला, "जुने गवंडीही असेच ओळखीचे चेहरे कोरायचे. राहू दे!"

काका हळूच म्हणाले, "एवढं वाईट आहे काय रे माझं नाक?"

तोडतो म्हटलं, तर नको म्हणाले. पॅकिंगला स्वतः बसले. सगळ्यात जास्त कापूस त्या नाकालाच लावला, मोडू नये म्हणून.