डबी आधी काढावी लागते

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरू नकोस, बाबा आहेत. आत्ता खिडकीशी बसून शेजारणीने आणलेल्या पावाला नावं ठेवताहेत. तुझ्याशी धरलेला अबोला काही सोडत नाहीत, म्हणून मीच लिहिते. डॉक्टर म्हणाले, हृदय पार थकलंय, आता घरीच सुखात ठेवा. मी डोळ्याला पदर लावला, तर ह्या गृहस्थांनी मला काय विचारावं? दहनाच्या पद्धती किती असतात म्हणे! जन्मभर बेकरीची भट्टी सांभाळली, आता शेवटच्या भट्टीत न बघता कसं जायचं? आधी पाहून येऊ, म्हणाले.

डोकं फिरलंय का तुमचं, म्हटलं. पण ऐकतील तर ते बाबा कसले! गेलो टॅक्सी करून स्मशानभूमीत. तिथे दाहिनी चालवणाऱ्या बाई होत्या. कुणासाठी चौकशी, असं त्यांनी हळूच विचारलं, तर बाबांनी आपल्याच छातीवर बोट ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या, आणि मग दोघांची अशी गट्टी जमली म्हणून सांगू! लाकडाची चिता, विजेची दाहिनी, गॅसची दाहिनी, सगळं हिंडून दाखवलं. लाकडाला वेळ फार, त्यात वारा सांभाळायचा. विजेची तापायला वेळ घेते, म्हणून सारखी तापलेलीच ठेवतात. गॅसची चटकन पेटते. काही ठिकाणी म्हणे क्षार घातलेल्या गरम पाण्यातही करतात. त्यावर बाबांनी नाक मुरडलं. उकडायला मी काय बटाटा आहे, म्हणाले.

मग यांचे प्रश्न सुरू. आतल्या विटा कसल्या, एका अंगाला धग जास्त लागते का, दार मध्येच उघडता का? पावाच्या भट्टीच्या चौपट ताव असतो हे ऐकून जो काही चेहरा झाला, तू बघायला हवी होतीस! हाडं उरतात आणि ती गार झाल्यावर दळून देतात, हे कळल्यावर मीसुद्धा विचारून बसले, किती बारीक? जाड रव्याएवढी. विचारलं आणि जीभ चावली. पण खरं सांगते, जसजसं कळत गेलं तसतशी माझी धडधड कमी झाली. आधी घरी निरोप द्यायचा की तिथल्या खोलीत, हेही आपणच ठरवायचं असतं. घरीच, असं आमचं ठरलं.

निघताना बाईंनी विचारलं, छातीत पेसमेकर वगैरे नाही ना? तो आधी काढावा लागतो, आत बॅटरीचा स्फोट होतो. झालं, बाबांचा हात छातीवर गेला. तुझीच ती डबी! नको नको म्हणत असताना तू हट्टाने बसवायला लावलीस. तेवढ्यावर थांबली असतीस तर ठीक. डॉक्टरांनी नुसतं जपा म्हटलं होतं, तू भट्टीच बंद करायला लावलीस. बेकरी विकली गेली आणि तू नावडती झालीस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, पण त्यांचं दुःखही मला दिसत होतं गं.

टॅक्सीत सगळा रस्ता छातीवर तळहात ठेवून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, गॅसचीच ठरव. चहा झाला, आणि कपाकडे बघत म्हणाले, ती डबी मागून घे हं, टाकू देऊ नकोस. पुसून ठमीला दे. तिच्यामुळे एवढी वर्षं पाव खायला मिळाला, वाईट का असेना. अगं, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं! मला रडू आवरेना. मी म्हटलं, मी नाही देणार, तुमचं तुम्ही काय ते सांगा तिला. तर म्हणाले, मग बोलाव की.

म्हणून हे पत्र. रजा मिळो न मिळो, ये. येताना पाव आणू नकोस, नावं ठेवतील. डबी माझ्या हातून घ्यायची वेळ यायच्या आत ये, आणि ती चालू आहे तोवर एकदा त्यांच्या छातीवर हात ठेव.

तुझीच,
आई